लगबग नावाचं अक्षर

त्या सांजपत्राची शाई वाळायच्या आत ते विकलं जाई, म्हणून घेणाऱ्यांची बोटं काळी होत. मग ती बोटं जिथे तिथे उमटत, दुकानाच्या काचेवर, जिन्याच्या कठड्यावर, पावाच्या पुडक्यावर, कुणाच्या लेकराच्या गालावर. भाचीला त्या डागांची शिसारी होती. आणि त्याच सांजपत्रासाठी ती वर्षभर एक अक्षर, म्हणजे छापायचा फॉन्ट, घडवत बसली होती. शुक्रवारी ते द्यायचं होतं, आणि त्याला नाव लागणार होतं मावशीचं.

अक्षर म्हणायचं एक, पण असतं ते अख्खं खटलं. स्वर, व्यंजनं, मात्रा, जोडाक्षरं, आकडे, एकत्र कुटुंबासारखी शेकडो तोंडं, आणि सगळ्यांच्या नाकाची ठेवण एक हवी. हे कुटुंब अंगाने ठळक, कंबरेत अरुंद, पुढे कललेलं, आणि प्रत्येक दांड्याच्या शेवटी बारीकशी टाच रोवून उभं होतं. धंद्यातली माणसं अशा अक्षराला बोल्ड, कंडेन्स्ड, इटालिक, सेरिफ अशी चार बिरुदं लावतात. मावशी म्हणायची, जाडी, आवळलेली, धावती आणि टाचेची, म्हणजे सरळ सांगा ना, लग्नघरातली वरमाय. मोठ्या मथळ्यासाठीच ते जन्माला आलेलं. बारीक मजकुरात घातलं असतं तर वाचणाऱ्याला घेरी आली असती.

त्याचं मूळ मावशीच्या हातात होतं. ऐन उमेदीत ती नाट्यगृहाच्या पाट्या रंगवायची. दर्शनी दोन खांबांच्या मध्ये फळी अरुंद, आणि नाटकांची नावं मेली हातभर लांब. मग अक्षराला उंच ओढायचं, पोट आत घ्यायला लावायचं. पडदा उघडायच्या आत पाटी चढवायची घाई, म्हणून ब्रश पुढे पळायचा आणि अक्षर कलायचं. रेघ संपली की चपटा ब्रश ती क्षणभर दाबून धरायची, मग उचलायची. तीच टाच. टाच रोवली नाही तर अक्षर वाऱ्यात पडतं, असं तिचं म्हणणं. शिडीवर उभी राहून ती गुणगुणायची,

अरुंद माझी फळी, अक्षराला सांगू किती,
पोट आत घे गं बाई, मोठी आहे तुझी छाती.

खालून जाणारे हसायचे. मावशी चालायचीही तशीच, अंग पुढे टाकून, जणू पाय मागून येतीलच. गल्लीने तिचं नाव लगबग ठेवलं ते त्यामुळे. आता तिची बोटं आखडली होती, ब्रश धरवत नव्हता. पण चाल तशीच होती आणि नावही.

भाची तिच्या हाताखाली वाढली. आई गेल्यावर मावशीनेच तिला सांभाळलं, आणि ब्रश धरायला शिकवलं तेही तिनेच. पुढे भाची दूरच्या शहरात जाऊन यंत्रावर, म्हणजे संगणकावर, अक्षरं घडवायला शिकली. परत आल्यावर तिने मावशीच्या जुन्या फळ्या शोधून काढल्या. एक कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्पर झाली होती, एक कुणाच्या मोरीचं दार. रंगाचे पोपडे उडालेले, पण टाचा शाबूत. त्यांवरून तिने एकेक अक्षर नव्याने काढलं. सोपी वाट होती, नाही असं नाही. कुठलंही सरळ अक्षर यंत्रावर दोन्ही कुशींनी दाबायचं, वरून तिरकं ढकलायचं, झालं. पण तसं केलं की उभे दांडे वाळतात, आडव्या रेघा तशाच फुगलेल्या राहतात, आणि गोल पोटाला नको तिथे आवाळू येतं. भाची त्याला पिळलेलं अक्षर म्हणायची. मुरगळलेल्या मानेसारखं दिसायचं ते. बघितलं की तिचे दात आंबायचे.

सांजपत्र आजवर असंच पिळलेलं अक्षर वापरत होतं. दादाने, म्हणजे मावशीच्या मुलाने, तिथून काम आणलं. अक्षरं भाचीने काढायची आणि गिऱ्हाईक दादाने बघायचं, अशी त्यांची वाटणी होती. आजवर त्यांची अक्षरं गेली ती साबणाच्या वड्यांवर आणि बिस्किटांच्या डब्यांवर. आता रोज संध्याकाळी चौकाचौकात आपलं अक्षर ओरडणार, अख्खं शहर मान वर करून बघणार, या कल्पनेने दादा हरखला होता. भाचीने नाक मुरडलं तेव्हा तो म्हणाला होता की सुरी आपण करतो, कांदा चिरायचा की बोट, ते घेणाऱ्याने ठरवायचं. भाचीला ते पटलं होतं. खरं सांगायचं तर पटवून घेतलं होतं. कारण असं अक्षर काढायची तिला केव्हापासूनची आस होती, आणि साबणाच्या वडीवर ते मावलं नसतं.

संपादकांनी जुन्या मथळ्यांचा एक गठ्ठा धाडला होता. याच शब्दांवर अक्षर घासूनपुसून बसवा, असं सांगितलं होतं. त्यात वावगं काही नव्हतं, धंद्याची रीतच ती. एकटं अक्षर कितीही देखणं असलं तरी कामाचं नाही, ते चारचौघांत कसं बसतं ते बघावं लागतं. कुणाच्या शेजारी कुणाला किती फट द्यायची, कुणाची मात्रा कुणाच्या डोक्यावर आदळते, कुणाची टाच कुणाच्या पायावर पडते, हे शब्दांतूनच कळतं. आणि जे शब्द समोर धरून अक्षर घडवावं, तेच शब्द त्यात सर्वांत सुरेख बसतात. लेकरू ज्या घरात वाढतं तिथल्या शिव्या त्याच्या तोंडात चपखल बसतात, तसं.

तर भाचीसमोर शब्द होते फास, नागडी, भोसकलं, पळाली, सडलेलं, रखेल. रोज सकाळी चहाचा कप बाजूला ठेवून ती त्यांना मोठं करायची, भिंतीएवढं, आणि त्यांच्यामधल्या फटी केसाकेसाने सारायची. पुष्कळ मथळे यमक जुळवून केलेले होते. ज्या यमकाने लेकराला झोप लागते तेच यमक, पण कुणीतरी त्यात थुंकून ठेवल्यासारखं.

तरी ती टिकली, कारण वाचायचं नाही ही मावशीची शिकवण. अक्षर बघायचं असेल तर शब्द वाचू नये. वाचलंस की फसलीस, डोळा अर्थाच्या मागे जातो आणि फट सुटते. म्हणून या घरात छापलेला नमुना दोरीला चिमटा लावून उलटा टांगायची पद्धत होती. डोकं खाली, पाय वर. उलट्या ओळीत शब्द मरतो आणि नुसते आकार उरतात, काळे नि पांढरे, दांडे नि फटी. वर्षभर ती त्या खोलीत अशी बसली होती, जणू खाटकाच्या दुकानात डोळे मिटून.

पण नाक कसं मिटणार? एकदा जेवताना तिने सहज सांगितलं की आज 'भोसकलं' काय सुंदर बसलंय म्हणून सांगू. दादा खो खो हसला. मावशीसुद्धा हसली. भाचीने घास तोंडात घेतला, आणि तो तिथेच राहिला, कोमट, ओलसर, कुणीतरी आधीच चावून दिल्यासारखा.

गुरुवारी दुपारी मावशीने टेलरकाकूंना वर बोलावलं.

टेलरकाकूंचं दुकान खालीच होतं. दुकान कसलं, दारातली खिडकी, तिच्याशी मशीन आणि मागे पडदा ओढून केलेली मापाची जागा. दोघींचा दुपारचा चहा बरोबर व्हायचा. कितीतरी वर्षांत तो चुकलेला कुणी पाहिला नव्हता. काकूंचा नवरा फार पूर्वी आजारात गेला. त्याच दिवसांत कुठल्याशा पत्राने काकूंबद्दल काही छापलं होतं, एवढं गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. काय छापलं होतं ते कुणी उच्चारत नसे. भाची तेव्हा शिकायला बाहेर होती. तिने एकदा मावशीला विचारलंही होतं, तर मावशी म्हणाली की उकिरड्यावरचं पायाने ढकलावं, हाताने उचलून घरात आणू नये. ते पत्र नंतर बंद पडलं. निदान सगळ्यांची तशी समजूत होती.

दोरीवर त्या दिवशी शेवटचे नमुने टांगलेले होते, सगळे उलटे. मावशी काकूंना दारातूनच सांगत आली. "बघ तरी, माझ्या नावाचं अक्षर. मी मेल्यावर भिंतीवर तसबीर लावायला नको, हिने जितेपणीच लावलीय."

काकू पदराला हात पुसत आत आल्या. चष्मा नाकावरच होता, काम टाकून आल्या होत्या. त्या हसत होत्या. हे असं पाय वर करून का टांगलंय, लेकरं काही चुकलीत का, असं त्यांनी विचारलं, आणि भाची त्यांना फटींबद्दल सांगू लागली. मधल्या कागदाकडे तिने बोट केलं. तिचं सर्वांत लाडकं काम ते. त्यातल्या दोन शब्दांच्या शेवटाकडे एकसारखे काने येतात, दोन्ही काने सारख्या कलाने झुकतात, जसे दोन वल्हेकरी. त्या एका ओळीवर तिने कैक दिवस घालवले होते.

काकू मापं घेताना गिऱ्हाइकाच्या समोर उभ्या राहतात. टेपेवरचा उलटा आकडाही त्यांना सहज वाचता येतो. त्यांनी मान जराशी वाकडी केली. हसू चेहऱ्यावर राहिलं, फक्त त्याच्या खालचं माणूस निघून गेलं. मग त्या पुढे झाल्या, चिमटा काढला, कागद फिरवला आणि सुलटा लावला.

नवरा मरणाच्या दारात, बायको परक्याच्या घरात.

भाचीने ती ओळ पहिल्यांदा वाचली. मावशीनेही वाचली.

काकूंनी कागदावरून बोट फिरवलं, कापडाचा पोत बघावा तसं. "छान झालंय गं," त्या म्हणाल्या. "तेव्हाचं अक्षर फार घाणेरडं होतं. वाकडंतिकडं, कसंतरी दाबलेलं. ते बघून पुष्कळ लोक म्हणाले होते, जाऊ दे, चिंधी पेपर आहे, त्याचं काय ऐकता." त्यांनी बोट मागे घेतलं. "यात छापलं असतं तर कुणाचीही खात्री पटली असती."

चहा न घेता त्या खाली गेल्या. थोड्या वेळाने त्यांचं मशीन सुरू झाल्याचं ऐकू आलं.

मग मावशीने सांगितलं. त्या दिवशी काकू एका घरी पडद्यांची मापं घ्यायला गेल्या होत्या. नवरा इस्पितळात, पण हातातलं काम सोडता येत नव्हतं. दारातून निघताना घरमालक निरोपाला उंबऱ्यापर्यंत आला आणि कुणीतरी फोटो काढला. काकूंच्या गळ्यात मापाची टेप लोंबत होती. छापताना फोटो गळ्याच्या वरच कापला होता. नवऱ्याला शेजारच्या खाटेवरल्याने तो पेपर दाखवला. त्यानंतर तो काही दिवसच होता, आणि त्या दिवसांत त्याने काकूंच्या हातून पाणी घेतलं नाही.

त्या पत्राने पुढे नाव बदललं, मालक बदलला, रंगीत पानं काढली, आणि त्याचंच आजचं हे सांजपत्र झालं. कात टाकली होती, साप तोच होता.

मावशी खाली जाऊन आली. काकूंनी मान वर केली नाही. मशीन चालू आहे, एवढंच म्हणाल्या. मावशी वर येऊन खुर्चीत बसली ती तशीच, पहिल्यांदाच मागे रेलून. तिचं अंग पुढे झुकलेलं नसलं की ती फार म्हातारी दिसायची.

"वाचू नको म्हणून मीच शिकवलं तुला," ती म्हणाली. "पाट्या रंगवताना ठीक होतं ते. नाटकाचं नाव वाचलं काय, न वाचलं काय." मग आखडलेली बोटं चोळत, "तुझी मेहनत आहे. देऊ नको असं मी म्हणणार नाही. पण माझं नाव काढ."

नाव काढणं सोपं होतं. भाचीने यंत्र सुरू केलं, आणि नावाच्या जागी काय घालावं ते सुचेना, म्हणून हाताला चाळा हवा तशी ती शब्द लिहू लागली. जे कधी लिहिले नव्हते ते. 'खोटं होतं' लिहिलं. दोन शब्दांच्या मध्ये दात पडल्यासारखी फट. 'माफ करा' लिहिलं. 'फ' पुढच्या 'क'च्या कुशीत घुसला. 'निर्दोष' लिहिलं, आणि ती बघतच राहिली. रफार आणि मात्रा एकमेकांच्या अंगावर चढून त्यांचा एक काळा गोळा झाला होता, चिरडलेल्या माशीसारखा. 'नि' एका बाजूला पडला होता, 'ष' लांब उभा होता, जणू त्याचा या माणसांशी काही संबंध नाही. मग तिने मुद्दाम 'रखेल' लिहिलं. काय बसलं होतं! कुठे केसाचीही खोट नाही. टाचा एका रेषेत, कल एकसारखा, काळ्यापांढऱ्याचा तोल असा की नजर हटू नये.

तिला वाटलं आपल्या नखांत काहीतरी वळवळतंय. अक्षराला वर्षभर तिने हेच खाऊ घातलं होतं, याच शब्दांवर ते बाळसं धरलं होतं. मावशीच्या शिडीवरच्या गाण्यातून आलेलं ते अक्षर, त्याची टाच मावशीची, कंबर मावशीची, आणि तोंड उघडलं की गटार. नाव काढून काय होणार होतं? हात तोच राहणार होता.

दादाला तिने सांगितलं तेव्हा त्यालाही वाईट वाटलं. तो काही दगड नव्हता. काकूंनी शिवलेल्या सदऱ्यांतच तो वाढला होता. पण तो म्हणाला की शब्द दिलाय, शुक्रवारी जाऊन तर येऊ, काकूंचा कागद तेवढा जाळून टाक. आणि ती गेली. नाही म्हणायचं तर तोंडावर म्हणावं, असं तिला वाटलं. पण मनाच्या तळाशी अजून एक हाव होतीच, आपलं अक्षर एकदा तरी खऱ्या पानावर बघावं.

सांजपत्राची कचेरी वरच्या मजल्यावर होती. जिन्यात कुबट ओल, भिंतीला पाठ घासून घासून पडलेला तेलकट पट्टा. आत टेबलांवर कालच्या जेवणाच्या ताटल्या, कडांना वाळलेल्या रश्श्याचा पापुद्रा, त्यावर बसलेल्या माशा. एका संगणकाच्या पडद्यावर कुणाचा तरी मेलेला चेहरा मोठा करून ठेवला होता आणि त्याच्या समोरचा माणूस दात कोरत होता. संपादक फार मऊ बोलणारे गृहस्थ निघाले. भाचीला ताई म्हणाले, स्वतः उठून खुर्ची दिली. ते उकडलेलं अंडं सोलत होते. टेबलावरच मिठाची चिमूट ओतलेली, त्यात अंडं टेकवायचं, चावायचं, आणि त्याच बोटाने पडद्यावर दाखवायचं.

पडद्यावर एक बाई होती. शाळेत शिकवणारी, असं ते म्हणाले. ती बसथांब्यावर एका तरुणाच्या गळ्यात पडून रडत होती. तरुणाच्या पायाशी मोठी बॅग होती, तिला दोऱ्या बांधलेल्या. लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाची बॅग. भाऊ असावा, नाकं एकसारखी होती. संपादकांनी सांगितलं तसं शेजारच्या टेबलावरच्या माणसाने फोटो खालून कापला. बॅग गेली. मग बाजूने कापला, पाठमोरी उभी असलेली म्हातारी गेली. उरले दोन चेहरे आणि चार हात. काचेवर बाईच्या गालाशी अंड्याच्या बलकाचा पिवळा ठसा राहिला होता.

आजचा हाच मथळा तुमच्या अक्षरात लावून बघू, असं संपादक म्हणाले. अक्षर अजून भाचीच्याच यंत्रात होतं. तिने झाकण उघडलं आणि ते सांगत गेले तसं लिहिलं.

दिवसा बाई शाळेत, सांजेला कुणाच्या गळ्यात?

ते बसलं. तिला काही करावंच लागलं नाही. फटी आपोआप मिटल्या, काने झुकले, टाचा रोवल्या गेल्या, प्रश्नचिन्ह शेवटी डोळा मारल्यासारखं उभं राहिलं. खोलीतली माणसं मागे येऊन उभी राहिली. दात कोरणाराही आला. आणि सगळ्यांच्या तोंडून एकदम निघालं, "वा."

असं 'वा' मिळावं म्हणून तिने वर्ष काढलं होतं. ते कानात शिरलं ते कोमट लाळेसारखं. तिने यंत्राचं झाकण मिटलं.

"काय झालं, ताई?" संपादकांनी विचारलं.

"अक्षर तयार नाही."

"अहो, आत्ता डोळ्यांनी पाहिलं की आम्ही."

"यात 'निर्दोष' बसत नाही."

संपादक हसले. त्यात कुचेष्टा नव्हती. त्यांना खरोखर हायसं वाटलं होतं. "मग अडलंय कुठे? तो शब्द आम्हाला लागतच नाही."

"म्हणूनच नाही देत," ती म्हणाली.

बाहेरच्या बोळात हात धुवायचं भांडं होतं. त्यात अंड्याची टरफलं, चहाचा चोथा, कुणाचे तरी केस. भाचीने तिथे नळ सोडला आणि बोटं घासघासून धुतली. दादा तिची पिशवी धरून पाठमोरा उभा राहिला. जिना उतरताना तो इतकंच म्हणाला की आता ते पिळलेलं अक्षर लावतील, त्या बाईची व्हायची ती बदनामी होईलच, मग तू कुणाचं भलं केलंस ते मला समजावून सांग. खालच्या पायरीवर त्याने पिशवी तिच्या हातात दिली आणि तो दुसऱ्या बाजूने चालता झाला.

संध्याकाळी तिने चौकात पेपर घेतला. दादा म्हणाला तसंच होतं. तेच पिळलेलं अक्षर, वाळके दांडे, सुजलेल्या रेघा, शेवटचं प्रश्नचिन्ह पोट दाबल्यासारखं. आणि खाली ते दोन चेहरे. शेजारी उभ्या असलेल्या एकाने पेपर बायकोला दाखवला, काय एकेक बाया असतात म्हणाला आणि बोटं विजारीला पुसली. भाचीने खांबाशी उभं राहून ती बातमी शेवटपर्यंत वाचली, एकेक शब्द, सुलटी. शाळेचं नाव दिलं होतं. बाई राहते तो रस्ता दिला होता. दारासमोर निळी टाकी आहे, हेसुद्धा मेल्यांनी सोडलं नव्हतं.

गल्लीत शिरली तेव्हा काकूंच्या खिडकीत दिवा होता. ती दारात उभी राहिली. काकू शिवत होत्या.

"काकू, नाही दिलं."

काकूंनी शिवण टोकापर्यंत नेली, दोरा दाताने तोडला. नाही दिलं हे त्यांनी ऐकलं की नाही, कळेना. त्यांची नजर भाचीच्या बोटांवर होती.

"आज कुणाचं आलंय?"

भाचीने पेपर पुढे केला. काकूंनी तो हातात घेतला नाही. तूच सांग म्हणाल्या. भाचीने सांगितलं, शाळा, थांबा, भाऊ असावा असं, आणि बॅग कशी कापली ते. काकू ऐकत असताना त्यांचा हात मशीनच्या चाकावर होता, ते फिरू नये म्हणून धरल्यासारखा.

"माझं आलं त्या दिवशी गल्लीत एक दार उघडं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुझी मावशी तेवढी आली. काही बोलली नाही. भांडी घासून गेली." त्यांनी चष्मा काढला, मशीनवर कापड टाकलं आणि खाली वाकून चपला शोधू लागल्या. "घर कुठेसं म्हणालीस?"

भाचीने रस्ता सांगितला. बराच लांब होता. काकूंनी दिवा मालवला.

"लगबगीला हाक मार," त्या म्हणाल्या. "ती पुढे चालेल. मला एकटीला त्या दारात शिरवणार नाही."